थकवा अंगावर काढू नका

हे आवाहन वर्धा जिल्ह्यातल्या मोजक्या घरांसाठी आहे. ज्या घरात कुणाच्या फाईलवर मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा मायोपॅथी असं लिहिलेलं आहे, त्यांनी हे वाचावंच. लिंब-गर्डल, बेकर, मायोटॉनिक, फेशिओस्कॅप्युलोह्युमरल, जीएनई, पॉम्पे अशी या आजारांची अवघड नावं आहेत. प्रत्येकात बिघडलेला जीन वेगळा असतो, पण सगळे अनुवंशिक, स्नायू हळूहळू झिजवणारे. आणि ज्यांच्याकडे अशी फाईल नाही, पण जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागतं, जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर हात टेकावे लागतात, आणि भावाची किंवा मावशीची चालही अशीच होत गेली होती, त्यांनीही वाचावं.

अशा माणसाला लोक विचारतात, चालता येतं का, हात वर जातो का, पडलास का. थकवा किती येतो, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं म्हणजे मोठ्या वयाच्या रुग्णाचा दिवस अनेकदा कमजोरीपेक्षा थकवाच जास्त खातो. आंघोळ करून कपडे घालेपर्यंत अर्धा जीव संपलेला असतो. काल बाजार करून आलं तर आज दुपारपर्यंत खाटेवरून उठवत नाही. चावता चावता जबडा भरून येतो. फोनवर जास्त वेळ बोललं की आवाज बारीक होतो. ताप नसतो, सूज नसते, बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून घरातल्यांनाही पटत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या ७४ टक्के आणि फेशिओस्कॅप्युलोह्युमरल डिस्ट्रॉफीच्या ६१ टक्के रुग्णांचा थकवा तीव्र निघाला. म्हणजे तुम्हाला जे होतंय ते मनाचे खेळ नाहीत. तो या आजारांचाच एक ठळक भाग आहे.

आपला जिल्हा श्रमाला मानणारा. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, पुढे त्याच गावाचं सेवाग्राम झालं. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत होतं. पवनारला विनोबांनी स्वतः राबून शेतीचे प्रयोग केले. त्या शिकवणीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याचा स्नायूच झिजतो आहे, त्याच्या बसण्याला कामचुकारपणा म्हणायचं, याला श्रमाची प्रतिष्ठा म्हणत नाहीत. कापसाच्या वेचणीला सगळं घर शेतात असताना एकटाच ओसरीवर बसलेला तरुण मुलगा, चार पोळ्या लाटून भिंतीला टेकलेली सून, यांना येता-जाता ऐकावे लागणारे शब्द मी इथे लिहीत नाही. ते शब्द बंद करणं हा पहिला उपाय आहे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि तो आजच करता येतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे विश्वास ठेवणं सोपं जाईल. निरोगी माणूस खुर्चीतून उठतो तेव्हा मांडीतल्या ताकदीचा काही भागच वापरतो. ज्याच्या मांडीत पाव ताकद उरली आहे, त्याला त्याच उठण्यासाठी जवळजवळ सगळी ताकद लावावी लागते. तो दिवसभर जे करतो ते तुमच्या मते साधं असतं, पण त्याच्या स्नायूंसाठी प्रत्येक हालचाल म्हणजे ओझं उचलणं असतं. मे महिन्यातली विहीर सकाळी थोडा वेळ उपसली की तळ दिसतो आणि झरे पाझरून पाणी पुन्हा यायला रात्र जाते, तसं त्यांच्या ताकदीचं होतं. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत तर आजार स्नायूंवर थांबत नाही. मेंदूतली झोप आणि जाग सांभाळणारी व्यवस्थाही बिघडते. माणूस जेवता जेवता पेंगतो, एसटीत बसल्या बसल्या झोपी जातो. त्याला सुस्त म्हणून हिणवू नका.

आता या आवाहनाचा मुख्य मुद्दा. आजार बरा होत नाही, म्हणून थकव्याचंही काही होत नाही, असं धरून बसू नका. थकव्यात पुष्कळदा दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं, आणि त्या दुसऱ्यावर उपाय असतो. 'हे आजारामुळेच आहे' हे वाक्य शेवटी म्हणायचं असतं, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

सगळ्यांत आधी श्वास तपासा. हा भाग सावकाश वाचा, कारण इथे जीव वाचतो. श्वास घेण्याचं बहुतेक काम छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल करतं, आणि तोही एक स्नायूच आहे. काही आजारांत, विशेषतः पॉम्पेमध्ये, हातपाय बऱ्यापैकी चालत असतानाच तो दुबळा होऊ लागतो. दिवसा, बसलेलं असताना, काही जाणवत नाही. रात्री आडवं झालं की पोटाचा दाब श्वासपटलावर येतो, आणि स्वप्नांच्या झोपेत मदतीला धावणारे बाकीचे स्नायू सैल पडतात. श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदू धडपडून जागा करतो, पुन्हा झोप, पुन्हा जाग. माणसाला वाटतं आपण आठ तास झोपलो. सकाळी मात्र डोकं ठणकत असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं आणि अंग झोपायला गेलो त्याहून जड असतं. उताणं झोपवत नाही, उशीवर उशी चढवावी लागते, रात्री घुसमटून उठायला होतं, दिवसा डोळे मिटतात, खोकला जोरात काढता येत नाही, सर्दी लगेच छातीत उतरते. यांतली एक-दोन लक्षणं असली तरी पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

यासाठी चाचणी सोपी आहे. नळीत जोरात फुंकायला लावतात, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती बसून आणि झोपून, दोन्ही प्रकारे करा, असा आग्रह धरा. झोपल्यावर आकडा बराच खाली आला तर श्वासपटल दुबळं झालं आहे असा संशय पक्का होतो. रात्रभर बोटाला यंत्र लावून ऑक्सिजनची नोंद घेता येते, रक्तातल्या वायूंची तपासणी करता येते. दिवसा ओपीडीत बोटाच्या यंत्रावर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. जो बिघाड रात्री होतो तो दिवसा दिसेलच असं नाही. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथलं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथे श्वसनविकार विभागात जाऊन आजाराचं नाव सांगा आणि 'माझ्या श्वासाच्या स्नायूंची तपासणी करा' असं स्पष्ट म्हणा. नुसतं 'थकवा येतो' म्हटलं तर बहुतेक वेळा टॉनिकची चिठ्ठी मिळते.

रात्रीचा श्वास अपुरा निघाला तर बायपॅप नावाचं यंत्र देतात. नाकावर किंवा नाक-तोंडावर मुखवटा, आणि त्यातून श्वासाला जोर. सुरुवातीला ते नकोसं वाटतं, मुखवटा टोचतो, हवा डोळ्यांत जाते. पण ज्यांना ते जमतं त्यांची सकाळची डोकेदुखी जाते, दिवसाची पेंग कमी होते, आणि 'इतकी वर्षं मी असाच का राहिलो' असं त्यांना वाटतं. मुखवट्याचं माप बदलून घ्या, पट्टे सैल-घट्ट करून पाहा, पहिल्या आठवड्यात हार मानू नका. गावात वीज जाते, म्हणून डॉक्टरांना आणि यंत्र देणाऱ्याला बॅटरी किंवा इन्व्हर्टरबद्दल आधीच विचारा. एक धोक्याची गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी: अशा रुग्णाला धाप लागली म्हणून घरीच नुसता ऑक्सिजन सुरू करू नये. बोटावरचा आकडा सुधारतो, पण कार्बन डायऑक्साइड साचतच राहतो, आणि माणूस गुंगीत जाऊ शकतो. त्याला आधी श्वासाला जोर देणारं यंत्र लागतं, ऑक्सिजन त्याच्या जोडीला.

श्वासानंतर हृदय. तोही स्नायू. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत हृदयाचे ठोके चालवणारी विजेची वाट अडू शकते, आणि रुग्णाला त्याचा पत्ता कधी कधी फक्त थकव्यातून किंवा अचानक आलेल्या चक्करेतून लागतो. बेकरमध्ये आणि लिंब-गर्डलच्या काही प्रकारांत हृदयाचा पंप दुबळा होतो. दरवर्षी ईसीजी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा इको, हा नेम पाळा, बरं वाटत असलं तरीही. चक्कर येऊन पडलात तर 'पाय लटपटला असेल' म्हणून सोडून देऊ नका. काहींना पेसमेकरची गरज असते आणि तो वेळेवर बसला तर प्राण वाचतो.

इथे मला एका व्यक्तीबद्दल वेगळं बोलायचं आहे. ड्यूशेन नावाची मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलाची आई. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला ती खाटेवरून उचलते, संडासाला नेते, रात्री दोनदा-तीनदा उठून त्याची कूस बदलते. ती थकते तेव्हा घर म्हणतं, थकणारच, काम किती आहे. तिलाही तसंच वाटतं. पण अशा अनेक आयांमध्ये तोच बिघडलेला जीन असतो, आणि त्यांपैकी काहींच्या स्वतःच्या मांड्या, खांदे आणि हृदय हळूहळू दुबळे होतात. मुलाच्या फाईलमध्ये तिचं नाव फक्त 'आई' म्हणून असतं. तिचा ईसीजी कुणी काढलेला नसतो. ताई, तुम्ही मुलाला घेऊन रुग्णालयात जाता त्याच दिवशी स्वतःच्या नावाचाही केसपेपर काढा. 'मी या मुलाची आई आहे, माझं हृदय तपासा' एवढंच सांगा. तुमच्या बहिणींना आणि मोठ्या मुलींनाही हे सांगा. मुलाला उचलण्यासाठी घरातल्या पुरुषांनी वाटा घ्यावा. हा तिच्या हृदयाचा प्रश्न आहे, म्हणून सांगतो.

त्यानंतर साध्या गोष्टी. दुर्मीळ आजार असला म्हणून साधे आजार होत नाहीत असं थोडंच आहे? महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. विदर्भात सिकलसेलही आहे. स्नायूंचा आजार असलेल्या माणसाला त्यांतलं काही असेल तर थकवा दुप्पट होतो. हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, बी-१२ या तपासण्या महाग नाहीत, आणि यांतल्या बहुतेक दोषांवर उपाय आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे काहींचे स्नायू जास्त दुखतात. ती आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आठवण करून द्या. एक गोंधळ तर नेहमीचा आहे. रक्ताच्या तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले येतात आणि माणसाला यकृताचा रुग्ण ठरवतात. मग पथ्य, मग कावीळ उतरवणारा, मग महिनोनमहिने गोळ्या. हे दोन्ही घटक स्नायूंमध्येही असतात आणि स्नायू झिजले की रक्तात वाढतात. अशा वेळी सीपीके तपासायला सांगा. तो फार वाढलेला असेल तर बोट यकृताकडे नाही, स्नायूंकडे आहे. कित्येकांच्या आजाराचं खरं नाव कळायला याच गोंधळामुळे वर्षं लागतात.

मनाचंही सांगतो. जगण्यातलं एकेक काम हातातून निसटताना पाहणाऱ्याला उदासी येणं स्वाभाविक आहे. कशात रस वाटत नाही, पहाटे तीनला जाग येते, लोकांत बसू नये असं वाटतं, तेव्हा शरीरही जड होतं. त्या उदासीवर उपचार होतो आणि तो घेतला की उरलेली ताकद वापरायला माणूस मोकळा होतो. मानसोपचार विभागात जाणं म्हणजे थकवा खोटा होता असं कबूल करणं नव्हे.

हे सगळं तपासून, जे सुधारण्यासारखं आहे ते सुधारून, जो थकवा उरेल त्याच्याबरोबर दिवस कसा काढायचा?

थकण्याआधी बसा. ही सवय लावायला सगळ्यांत कठीण जाते, कारण चांगल्या दिवशी माणसाला वाटतं आज सगळं उरकून टाकू. मग दोन दिवस खाटेवर. त्यापेक्षा रोज थोडं आणि मध्ये विसावा, हे बरं. आंघोळ स्टुलावर बसून करा, आणि बाजारात जायचं असेल त्या दिवशी डोक्यावरून पाणी नको. कणीक भिजवायला दुसऱ्याला सांगा, पोळ्या टेबलावर, खुर्चीत बसून लाटा. जमिनीवर मांडी घालून बसायची रीत सोडा, कारण तिथून उठण्यात जी ताकद जाते तिच्यात चार कामं झाली असती. पंगतीत खुर्ची मागायला लाजू नका. संडासात उकिडवं बसणं जमत नसेल तर कमोडची खुर्ची आणा. दुकानात मिळते, घडीची असते, पाहुण्यांकडेही नेता येते. पायाचा पंजा लोंबत असेल तर पट्टा लावा. पाऊल उचलायची ताकद वाचते आणि पडणं टळतं. चाकाच्या खुर्चीला लोक घाबरतात, जणू तिच्यात बसलं की चालणं संपलं. लांबच्या अंतरासाठी खुर्ची वापरणारा माणूस पोहोचल्यावर चालायला, बोलायला, हसायला उरतो. लग्नाच्या मांडवात अर्ध्या वाटेतच दमून जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

शेतकरी घरात कामाची वाटणी बदलता येते. वेचणी, निंदण, फवारणीचा पंप पाठीवर घेणं ही कामं त्याची नाहीत. मजुरांची हजेरी, हिशेब, बियाणं-खताची चौकशी, हिंगणघाटच्या बाजार समितीतल्या भावावर नजर, बँकेचे आणि विम्याचे अर्ज, ही कामं त्याची. ही हलकी कामं नाहीत. शेती त्यांच्यावरच टिकते. आणि वर्ध्याचा उन्हाळा विसरू नका. पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा धडधाकट माणूस गळतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत, दुपार सावलीत, पाणी तहान लागण्याआधी. संडासाला उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका, त्याऐवजी खाटेजवळ भांड्याची सोय करा. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या अनेक रुग्णांच्या मुठी थंडीत आखडतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळची कामं कोमट पाण्याने आणि ऊन वर आल्यावर.

उपासाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. स्नायूंच्या काही अनुवंशिक आजारांत दोष इंधन जाळण्याच्या क्रियेत असतो. मॅकआर्डल नावाच्या आजारात साठवलेली साखर वापरता येत नाही, दुसऱ्या काहींत चरबी. ज्यांना चरबी वापरता येत नाही त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास धरले आणि वर कष्ट केले तर स्नायू फुटून निघू शकतात. कष्टानंतर किंवा उपासात लघवी काळपट, चहासारखी झाली तर ती धोक्याची खूण आहे. मूत्रपिंड बिघडू शकतं, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. देवाला तुमची एकादशी हवी असेल, तुमचे स्नायू नकोत. आपल्या आजारात उपास चालतो का, हे डॉक्टरांना नेमकं विचारून घ्या.

व्यायामाबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो जिममध्ये जा, ताकद येईल. दुसरा म्हणतो हलूच नका, स्नायू झिजतील. दोन्ही चूक. अगदी न हलणाऱ्याचे चांगले स्नायूही सुकतात आणि थकवा वाढतो. जड वजनं, दमेपर्यंत धावणं, पुन्हा पुन्हा जिना उतरणं यांनी दुबळ्या स्नायूंना इजा होते. युरोपातल्या चार देशांत मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या २५५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दहा महिने समुपदेशन आणि झेपेल तसा वाढवत नेलेला व्यायाम, एवढाच उपचार होता. रुग्णांचं हिंडणं-फिरणं आणि रोजची कामं वाढली. फरक मोठा नव्हता, पण खरा होता. आणि तो कुठल्याही महागड्या औषधाने आलेला नव्हता. आपल्याकडे सावंगीला फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, सेवाग्रामलाही हा विभाग आहे. हृदय आणि श्वास तपासून झाल्यावर तिथून आपल्यापुरता व्यायाम लिहून आणा. खूण सोपी: दुसऱ्या दिवशी स्नायू दुखत राहिले, ताकद कमी वाटली, तर आदला दिवस जास्त झाला.

आणि कृपा करून शेत विकू नका. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन मस्क्युलर डिस्ट्रॉफी बरी करतो म्हणणारे लाखो रुपये घेतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत स्नायूंच्या आजारांवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. 'इंजेक्शन घेतल्यावर बरं वाटलं' असं सांगणाऱ्यांवर मी रागवत नाही, कारण आशा कुणाला नको असते. पण तोच पैसा बायपॅपला, कमोडच्या खुर्चीला, घराच्या पायरीजागी उतार करायला लावा. पॉम्पेसारख्या ज्या थोड्या आजारांवर औषध आहे, त्यांच्यासाठी २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मदतीची तरतूद आहे. त्या धोरणाखालच्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. अर्ज तिथून होतो.

कायद्याचं बळ वापरा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे आणि त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. ऑनलाइन अर्ज करून जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता लागली की एसटीच्या भाड्यात सवलत, नोकरी आणि शिक्षणात आरक्षण, संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनांचा रस्ता उघडतो. अडचण अशी की तपासणीत ताकद मोजतात, थकवा मोजत नाहीत. सकाळी ताज्या अंगाने गेलेला माणूस वैद्यकीय मंडळासमोर दहा पावलं नीट चालून दाखवतो, उसनं बळ आणून. तसं करू नका. जिना चढायला किती वेळ लागतो, किती वेळा पडलात, कोणती कामं सोडावी लागली, हे लिहून न्या आणि तज्ज्ञाचा कागद जोडा. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगता आली तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही किंवा पद कमी करता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या कामावर, त्याच पगारश्रेणीत बदली करायची, असं याच कायद्याचं कलम २० सांगतं. तळमजल्यावर टेबल, दुपारी अर्धा तास आडवं व्हायला जागा, एवढी मागणी हक्काची आहे. शाळांच्या मुख्याध्यापकांनो, कार्यालयांतल्या साहेबांनो, अर्ज येण्याची वाट न बघता तुम्हीच विचारा.

घराण्याबद्दल थोडक्यात. आजार जीनमधून येतो, कुणाच्या पापातून किंवा सुनेच्या पायगुणाने नाही. लिंब-गर्डलच्या बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत जास्त सावध राहायला हवं. कित्येक पिढ्या आपसांतच सोयरिकी झालेल्या समाजांतही हेच होतं. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्रवाल समाजातल्या लिंब-गर्डल रुग्णांत कॅल्पेन नावाच्या जीनमधले एकाच पूर्वजाकडून आलेले दोष दाखवून दिले आहेत. यात कुणा समाजाला कमीपणा नाही. उलट दोष माहीत असला की तपासणी नेमकी होते. लग्नाआधी समुपदेशन घ्या, लपवून लग्न लावू नका.

पुढच्या भेटीला जाताना एक कागद न्या, कारण ओपीडीत बोलायला वेळ थोडाच मिळतो. त्याआधीचा एक आठवडा रोज लिहा: कितीला झोपलो, कितीला उठलो, सकाळी डोकं दुखलं का, किती उशा लागल्या, दिवसा कधी डोळा लागला, कोणत्या कामानंतर खाली बसावं लागलं, लघवीचा रंग, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, वैद्यबुवांच्या पुड्यासुद्धा. कागदाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव आणि उपचार करणाऱ्या विभागाचा फोन लिहा. खाली तीन ओळी हव्यात: रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासल्याशिवाय नुसता ऑक्सिजन देऊ नये, हृदयाचा ईसीजी लगेच काढावा, शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञाला आजार आधी सांगावा आणि सक्सिनिलकोलीन हे औषध टाळावं. या तीन ओळी तुमच्या डॉक्टरांना दाखवून तुमच्या आजारापुरत्या दुरुस्त करून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या. एक प्रत पाकिटात, एक घरात लाइटच्या बटनाशेजारी चिकटवलेली, आणि फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये, शेजारच्या काकांच्याही.